गोठा रिकामा होता, कारण गाई माळावर होत्या

प्रति,
पशुपालनासाठीचे कर्जदर, म्हणजे एका जनावरामागे किती कर्ज द्यायचे ते ठरवणाऱ्या जिल्हास्तरीय तांत्रिक समितीचे सर्व सदस्य,
तसेच विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाचे नियोजन करणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी अहमदपूर तालुक्यातली पशुपालक. बी.कॉम. झाले आणि लग्न होऊन बालाघाटाच्या या माळरानावर आले. तेव्हापासून घरच्या शेतीचा आणि जनावरांचा हिशेब माझ्याकडे आहे. हे पत्र त्या हिशेबाच्या वहीतूनच लिहिते आहे.

आमच्याकडे लाल कंधारी या देशी वाणाच्या सहा गाई आहेत. त्यांच्यासाठी मी किसान क्रेडिट कार्डावर खेळत्या भांडवलाचा अर्ज केला होता. पाहणीला बँकेचे एक अधिकारी आले, ते सकाळी साडेअकराच्या सुमाराला. गोठ्यात दावण रिकामी, खुंटे मोकळे, एका कोपऱ्यात पंधरा दिवसांचं वासरू तेवढं बांधलेलं. त्यांनी विचारलं, "जनावरं कुठं आहेत?" मी म्हणाले, "माळावर गेलीत साहेब, पाचला येतील." चहा घेतला, रिकाम्या दावणीचा फोटो काढला आणि ते गेले. आठवड्याने कागद आला, त्यात लिहिलं होतं की पाहणीच्या वेळी जनावरे आढळली नाहीत.

दुसऱ्यांदा येणार म्हटल्यावर आम्ही गाई बांधून ठेवल्या. दिवसभर त्या हंबरत होत्या. साहेबांनी मोजल्या, टॅग तपासले आणि विचारलं, "किती लिटर देते एक?" मी खरं ते सांगितलं, की वासराला सोडून तीन. त्यांनी हातातला कर्जदरांचा तक्ता मला दाखवला. माणूस वाईट नव्हता, कळवळ्याने म्हणाले, "ताई, या गाईवर माझ्या तक्त्यात काही बसतच नाही. त्यापेक्षा दोन एचएफ (होल्स्टीन संकरित) गाई घ्या, महिन्यात मंजूर करून देतो."

तो तक्ता बँकेतल्या माणसाने केलेला नसतो, त्यातले दर आपली समिती ठरवते. म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

एचएफ आम्ही पाळून पाहिल्या आहेत. २०२२ साली तीन संकरित गाई ८५,००० रुपयांना एक अशा कर्ज काढूनच घेतल्या. त्याच वर्षी लम्पी आला. गाय दगावली तर भरपाई ३०,००० रुपये होती. उरलेले ५५,००० आणि त्यावरचं व्याज कुठून भरायचं, या काळजीत ते चार महिने गेले. आमच्या गाई वाचल्या. पण त्या महिन्यांत मला कळलं की गाय घेणं आणि जोखीम घेणं हे एकच असतं. बँकेच्या कागदावर त्या जोखमीला रकाना नाही.

आता वहीतलं एक वर्ष मांडते, १ जून २०२३ ते ३१ मे २०२४. पाऊस कमी झालेलं वर्ष. ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली होती, ते आपल्याला आठवत असेल. दुधाचंही तसंच. जुलैत ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) गाईच्या दुधाला किमान ३४ रुपये जाहीर झाले आणि दिवाळी होईतो दर २६-२७ वर येऊन बसला.

तीन संकरित गाईंनी मिळून ८,४०० लिटर दूध दिलं. सरासरी २९ रुपये पडले, म्हणजे २,४३,६०० रुपये. पशुखाद्य आणि सरकी पेंडीला १,२९,७०० गेले. कडबा आणि मुरघास ५८,०००. अर्धा एकर नेपियरचं खत, वीज, कापणी १४,०००. डॉक्टर, रेतन आणि औषधं १६,४००, कारण एक गाय गाभण न राहता तीनदा उलटली आणि एकीला दगडी (कासेचा आजार) झाली. मार्चपासून टँकरचं पाणी ९,०००. कर्जाचं व्याज २४,६००. बेरीज होते २,५१,७००. म्हणजे ८,१०० रुपये घरातून घातले. जानेवारी २०२४ पासून लिटरला ५ रुपये अनुदान सुरू झालं, त्याचे दोन महिन्यांचे ६,९०० जमा झाले, आणि तोटा १,२०० वर आला. शेणखत ९ ट्रॉली निघालं, गावातल्या दराने २७,००० रुपयांचं. ते धरलं की वर्षाला २५,८०० शिल्लक. आमच्या घरातली दोन माणसं पहाटे साडेचारला उठून आणि संध्याकाळी पुन्हा या गाईंपाशी राबत होती. दोघांची मिळून रोजची मजुरी सत्तर रुपये पडली. मुद्दलाचा हप्ता यात धरलेलाच नाही.

आता सहा कंधारी. त्या वर्षी चार दुधात होत्या. वासराचं आणि घरचं सोडून विकलं ते दूध १,७५० लिटर. डेअरीला न घालता गावात आणि तालुक्याच्या दोन हॉटेलांना दिलं, ४८ रुपयांनी, ८४,००० झाले. दुधातल्या गाईंना किलोभर पेंड, ती २४,८००. माघापासून पावसापर्यंतचा कडबा ३८,०००. भुसकट घरचं. गुराख्याचे महिन्याला जनावरामागे २५० रुपये, लहानमोठी नऊ जनावरं, २७,०००. डॉक्टर ३,२००. बेरीज ९३,०००. म्हणजे दुधापुरतं पाहिलं तर इथंही ९,००० कमीच. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण देशी गाईच्या नावाने सोन्याच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांच्या सांगण्यावर कुणाचं घर चालत नाही.

शिल्लक येते ती गोऱ्ह्यांमधून. त्या वर्षी अडीच वर्षांची एक जोडी हाळी-हंडरगुळीच्या बाजारात ९२,००० ला गेली. जोडी दरवर्षी निघत नाही, एक वर्षाआड निघते, म्हणून मी वहीत निम्मेच, ४६,००० धरले. म्हणजे ३७,००० उरले. ५ ट्रॉली शेणखताचे १५,००० मिळवले की ५२,०००. घरच्यांचं काम दोन वेळच्या धारा काढण्याचं आणि पाणी पाजण्याचं.

एक गोष्ट आपल्या लक्षात येईल म्हणून मीच आधी सांगते. संकरित गाईंवरचं व्याज काढून टाकलं तर त्यांची शिल्लक ५०,४०० होते, म्हणजे दोन्ही बाजू जवळपास सारख्या. मग फरक काय? फरक असा, की एका बाजूला २,५५,००० रुपये गुंतले आहेत आणि दुसऱ्या बाजूच्या सगळ्या गाई घरच्याच कालवडी आहेत. एका बाजूला खर्चातले निम्म्याहून जास्त पैसे पेंडीच्या दुकानात जातात. पेंडीचा दर वाढला किंवा दुधाचा दर दोन रुपयांनी पडला की सगळं गणित कोलमडतं. ८,४०० लिटरवर दोन रुपये म्हणजे १६,८००, हे आपण माझ्याआधी कराल. कंधारीच्या बाजूला गाईचं पोट वर्षातले सात-आठ महिने माळावर भरतं, आणि माळाचा दर कुणी वाढवत नाही.

ज्यांच्याकडे बारमाही पाणी आहे, लसूण घास आणि मका होतो, त्यांनी संकरित गाई जरूर पाळाव्यात. माझ्या माहेरी मांजराकाठी पाळतात आणि चांगल्या चालवतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आपल्याच देवणीपासून होलदेव ही संकरित गाय तयार केली, तेही मोलाचं काम आहे. पण विहिरीला चैत्रात तळ दिसतो अशा वाड्यावस्त्यांना तोच एक मार्ग दाखवणं मला पटत नाही.

गुराख्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्या कुठल्याच तक्त्यात तो नाही. आमचे गुराखी काका सदुसष्ट वर्षांचे आहेत. गावातली पन्नासेक जनावरं राखतात, त्यांना महिन्याला साडेबारा हजार मिळतात. सकाळी नऊला वेशीपाशी जनावरं गोळा होतात. एकदा मी दिवसभर त्यांच्याबरोबर हिंडले. सकाळी थेट चांगल्या गवतात नेत नाहीत, आधी ओढ्याच्या कडेची हरळी, मग उन्हं चढली की उतारावरचं पवन्या आणि मारवेल. परतताना पुन्हा ओढा, पाणी. कुसळी गवताला कुसळ धरलं की त्या भागात जनावर घालत नाहीत, तोंडात टोचतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली, तेव्हा लोक म्हणत होते की सोडा गुरं, निदान त्यांचं तरी पोट भरेल. काका बांधावर आडवे उभे राहिले. तशा ज्वारीने किराळ लागतं, म्हणजे विषबाधा होते, दोन तासांत जनावर आडवं होतं. शेजारच्या गावात त्याच आठवड्यात दोन गाई गेल्या, आमच्या गावात एकही नाही. त्या दोन गाईंची किंमत धरली तर आमच्या एका घराकडून काकांना मिळणारा वर्षाचा पगार निघून वर पैसे उरतात. काकांनंतर कोण, या प्रश्नाला गावात आज उत्तर नाही. बँक पेंड हा खर्च मानते आणि राखण हा खर्च मानत नाही, एवढं तरी बदलता येईल.

आता कडब्याचं. या पत्रात मला सगळ्यात जास्त काय सांगायचं असेल तर ते हे. आमच्याकडे ज्वारीचा कडबा फाल्गुनात निघतो. तेव्हा शंभर पेंढ्यांचा एक शेकडा २,२०० ला होता. आम्हाला १४ शेकडे लागणार होते, हे मला पौषातच ठाऊक होतं, वहीत मागच्या वर्षांचं लिहिलेलं आहे. पण फाल्गुनात हातात पैसे नव्हते. ११,००० चे ५ शेकडे घेतले. उरलेले ९ मे महिन्यात घेतले, तेव्हा भाव ३,००० झाला होता, २७,००० लागले. एकूण ३८,०००. सगळा कडबा फाल्गुनात घेतला असता तर ३०,८०० त भागलं असतं. ७,२०० रुपये जास्त गेले. फाल्गुनात आम्हाला १९,८०० कमी पडत होते. किसान क्रेडिट कार्डाच्या ७ टक्के दराने चार महिन्यांचं त्याचं व्याज होतं ४६२ रुपये, आणि वेळेवर फेडलं तर ३ टक्के सवलत मिळून त्याहून कमी. ४६२ रुपये व्याजाचं कर्ज मिळालं नाही म्हणून ७,२०० गेले.

हे कर्ज आम्ही भीक म्हणून मागत नाही. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्ड पशुपालकांनाही द्यायचं ठरलं. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारणही लागत नाही. सोय केंद्राने केली आहे, जनावरामागे किती रक्कम द्यायची हे आपल्या समितीने ठरवायचं आहे. चरणाऱ्या देशी जनावरासाठी माझ्या वहीतून आकडा असा निघतो: कडबा फाल्गुनातल्या भावाने, गुराख्याचा पगार, दुधातल्या गाईंची पेंड आणि औषधपाणी मिळून नऊ जनावरांना ८५,८००, म्हणजे जनावरामागे साडेनऊ हजार. नऊ जनावरांचा वर्षभराचा खर्च आणि एका एचएफ गाईची किंमत सारखीच. माझा आकडा अंतिम माना असं मी म्हणत नाही. कंधार, लोहा, मुखेड, देवणी, उदगीर, परळी इथल्या दहा-दहा घरांच्या वह्या मागवा. वह्या नसतील तर बसून लिहून घ्या. आणि तक्त्यात 'चराईवरील देशी गाय' अशी एक ओळ वाढवा. रक्कम दोन हप्त्यांत द्या, मोठा हप्ता फाल्गुनात.

प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांना एक विनंती. मराठवाड्याचे आठही जिल्हे आणि विदर्भाचे अकरा धरून १९ जिल्ह्यांसाठी दुसरा टप्पा आला, १४९ कोटींचा. त्यात दुधाळ जनावरांसाठी अनुदान आहे, वैरणीसाठी आहे. यश मोजताना मात्र संकलन किती लिटर वाढलं हेच पुढे येतं. न्यूझीलंडकडे बघा. तिथली गाय सरासरी वर्षाला साडेचार हजार लिटरच्या आसपास दूध देते, अमेरिकेतली त्याच्या दुपटीहून जास्त. तरी न्यूझीलंड आपलं जवळपास ९५ टक्के दूध बाहेर विकतो, कारण गाय गवतावर असते आणि गवत स्वस्त पडतं. पैसे लिटरवर मिळत नाहीत, दुधातल्या फॅट आणि प्रथिनांच्या किलोवर मिळतात. वर पाण्याच्या वाहतुकीचा खर्च म्हणून लिटरमागे कपात होते. तिकडे वसंतात गवत फुटतं, तेव्हा सगळ्या गाई विलेल्या असतात. त्यांच्यासारखा बारा महिने पाऊस आपल्याकडे नाही, त्यांची नक्कल होणार नाही. पण आमच्या गाईही न शिकवता तेच करतात. पावसाळाभर चरून अंगावर येतात, दिवाळीच्या आगेमागे फळतात आणि आषाढ-श्रावणात हिरव्या गवतावर वितात. त्यांच्या दुधाला साडेचारचं फॅट लागतं. तरी केंद्रावर तीन लिटर घेऊन गेलं की तेच दूध मोठ्या कॅनमध्ये ओततात आणि दर सगळ्यांना सारखा. म्हणूनच मी हॉटेलला घालते. हॉटेल नसलेल्या गावांनी काय करावं?

आणि गायरान. आमच्या गावाचं सातबाऱ्यावर ६२ एकर, चरायला उरलं वीसेक. त्यातही गाजर गवत आणि तरोटा. उरलेलं कुणाकडे आहे हे गावाला माहीत आहे. मी एक गोष्ट स्पष्ट लिहिते: ज्या भूमिहीन, मागासवर्गीय कुटुंबांनी दोन-तीन एकर कसून पोटं भरली, ज्यांच्यासाठी मराठवाड्यात मोठे लढे झाले, त्यांना उठवा असं माझं म्हणणं नाही. २८ जानेवारी २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं, पण भूमिहीनांना दिलेल्या जमिनींचा अपवादही ठेवला. बागायतदार असून वर गायरान दाबून बसलेल्यांचं बघा. आता शेतीला दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेसाठीही गायरानं दिली जात आहेत. दिवसा वीज आम्हालाही हवी आहे. तेवढी देताना गावात चरणारी जनावरं किती, आणि ती उद्या कुठे जातील, हा आकडा फाईलला लागलेला असावा. आज तो लागत नाही.

उरलेल्या वीस एकरांपैकी आठ एकर आम्ही काही घरांनी मिळून जूनपासून दसऱ्यापर्यंत चराईला बंद ठेवलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी करून विळ्याने गवत कापून नेण्याची शिस्त लावली, ते ऐकून होतो. पहिल्या वर्षी भांडणं झाली, दोन रात्री पुरुषमंडळींनी राखण केली. भाद्रपदात गवत फुलोऱ्यात आलं तेव्हा बायकांनी पंधरा दिवस कापणी केली. ५,२०० पेंढ्या निघाल्या, सव्वा किलोच्या आसपास एक. पाच रुपये किलो म्हटलं तरी ३२,५०० रुपयांची वैरण, बी-खत न घालता. २०१९ च्या दुष्काळात चारा छावणीत मोठ्या जनावरामागे सरकार दिवसाला १०० रुपये देत होतं. त्या दराने या पैशात एक मोठं जनावर छावणीत जेमतेम अकरा महिने जगलं असतं, आणि छावणी उठली की मागे काही राहत नाही. आमचं गवत पुढच्या जूनला पुन्हा फुटलं. आम्हाला कुंपण नाही, मारवेल गवताचं आणि स्टायलो या चाऱ्याच्या पिकाचं बी नाही, पेंढ्या ठेवायला शेड नाही. गावाच्या नावाने या तीन गोष्टींना पैसे द्या, व्यक्तीच्या नावाने नकोत.

गोऱ्ह्यांचा बाजार ट्रॅक्टरमुळे बसत चालला आहे, हेही मला दिसतं. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर म्हाताऱ्या बैलालाही किंमत उरली नाही. माझ्या हिशेबातले ४६,००० पुढची दहा वर्षं तसेच राहतील याची खात्री मी देऊ शकत नाही. ते कमी झाले तर दुधाचा दर, गवताची सोय आणि कडब्याचं कर्ज एवढ्यावरच या गाई टिकतील. म्हणून घाई आहे.

पुढच्या हंगामाचे कर्जदर ठरवण्याची बैठक होण्याआधी आपल्यापैकी कुणीही आमच्याकडे यावं. २०१९ पासूनच्या वह्या दाखवीन, पावत्यांसकट. येताना सकाळी नऊच्या आत या किंवा संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात यायचं असेल तर पायांत चांगल्या चपला घालून या, काकांबरोबर माळावर जाऊ.

आपली,
एक पशुपालक
तालुका अहमदपूर, जिल्हा लातूर